बारकीच्या रकान्यातलं शून्य

त्याला बँडात सगळे कानसेन म्हणत. गाणं येत नव्हतं, वाजवणं येत नव्हतं, पण हॉलच्या मागच्या भिंतीला पाठ टेकून, डोळे मिटून तो सांगायचा, "गिटारची तिसरी तार उतरलीय," आणि ती खरंच उतरलेली असायची. वय अठ्ठावन्न. आठवडाभर बाजाराच्या मागच्या गल्लीत बिघडलेले स्पीकर, माइक, अ‍ॅम्प्लिफायर दुरुस्त करायचे आणि शनिवार-रविवार बँडच्या मिक्सरवर बसायचं, हा त्याचा अडतीस वर्षांचा रतीब. दुकान इतकं चिंचोळं की दोन गिऱ्हाइकं एकदम आली तर एकानं पायरीवर उभं राहायचं. स्वभाव तिरसट, हात हलका, आणि कानांचा गर्व इतका की बायको म्हणायची, "यांनी कानांना वेगळी उशी घेतली नाही हेच नशीब."

या बँडात कोण कुणाचं काय लागतं हे सांगायला बसलं तर दिवस मावळेल. गायिका दिवसा दातांच्या दवाखान्यात मदतनीस आहे. तिचे वडील एका जुन्या बँडात गायचे. त्या बँडाचे स्पीकर उचलायला कानसेन अठराव्या वर्षी लागला, आणि "आवाज वाढवायला कुणालाही येतं, कुठे कमी करायचा ते शिक," हे त्यांच्याकडूनच शिकला. पुढे तो बँड भांडून फुटला आणि एकाचे दोन झाले. ड्रमवाला, ज्याचं टायरचं दुकान आहे, तो समोरच्या गोटातला. त्याला गोड बोलून फोडून आणला. बेस गिटारवाला गायिकेच्या बहिणीचा नवरा म्हणून आत आला. मग त्यांचा घटस्फोट झाला, बहिणीनं गाव सोडलं आणि जावई बँडात राहिला. कीबोर्ड तर परदेशी गेलेल्या एका मित्राचा आहे आणि तो परत मागेल या धास्तीनं अकरा वर्षं कुणी त्याचा विषयच काढलेला नाही.

जनावरांचं वेड लागलं ते एका घुबडामुळे. कार्यक्रमाहून परतताना ते व्हॅनच्या काचेवर आदळलं. ड्रमवाल्यानं त्याला आपल्या चकचकीत कोटात गुंडाळलं आणि ते घेऊन तो बाईंच्या दारात जाऊन उभा राहिला. बाई म्हणजे शाळेतून निवृत्त झालेल्या विज्ञानाच्या बाई. घराच्या व्हरांड्यात त्या जखमी पाखरं बरी करतात. घुबड वाचलं, कोटाची बाही काही वाचली नाही. तेव्हापासून बँडचा दर चौथा कार्यक्रम बाईंच्या पाखरांसाठी, बेडकांच्या तळ्यासाठी नाहीतर वटवाघळांच्या पेट्यांसाठी असतो, आणि दर वसंतात सगळी मंडळी पक्षी मोजायला जातात.

मोजणीची रीत सोपी. जुन्या वीटभट्टीमागे दाट झाडी आहे. उजाडता उजाडता ज्यानं त्यानं आपल्या ठरलेल्या जागी दहा मिनिटं गुपचूप उभं राहायचं आणि ऐकू येईल ते तक्त्यात लिहायचं. एवढ्या पानांत पक्षी दिसतात कुठे, सगळी भिस्त कानांवर. म्हणून सगळ्यांत अवघड कोपरा, काटेरी झुडपांचा, बाईंनी कानसेनकडे दिला. तिथे एक अंगठ्याएवढं हिरवट पाखरू राहायचं. त्याचा आवाज सुईच्या टोकासारखा बारीक, म्हणून बँडनं ठेवलेलं नाव बारकी. पहिल्या वर्षी कानसेननं बारकीच्या रकान्यात नऊ लिहिले. पुढे आठ, मग पाच, मग दोन. गेली दोन वर्षं शून्य.

दुसऱ्या शून्याच्या वेळी बाई बराच वेळ चष्मा पुसत बसल्या होत्या. गायिकेनं गेलेल्या बारकीवर गाणं केलं, आणि ते असं चाललं की लग्नातसुद्धा त्याची फर्माईश येऊ लागली. नवरा-नवरी नाचायचं सोडून डोळे पुसत उभी राहायची.

मग बाईंच्या नावे नगरपालिकेचं पत्र आलं. काटेरी कोपऱ्यावर गाड्यांचा तळ करायचं ठरलं आहे. तो कोपरा एका पक्ष्यासाठी राखून ठेवला होता, पण तो पक्षी तिथे उरलेला नाही असं आपणच दर वर्षी पाठवलेल्या तक्त्यांवरून दिसतं. हरकत असल्यास शुक्रवारपर्यंत कळवावी. पाखरूच नाही म्हटल्यावर बाई हरकत कशाच्या जोरावर घेणार? बँडनं रविवारी शाळेच्या हॉलमध्ये निरोपाचा कार्यक्रम ठरवला. गायिका म्हणाली, "काका, गाण्याच्या आधी बारकीचा खरा आवाज लावू या. तुमच्याकडे आहे ना?" होता. सहा वर्षांपूर्वी, पहिल्या मोजणीला, त्यानंच त्या कोपऱ्यात उभं राहून टिपलेला.

मंगळवारी दुपारी हॉलमध्ये तालीम होती. कानसेननं तो जुना आवाज स्पीकरवर लावला. वारा आला. लांबचं कुत्रं आलं. स्वतःचा सहा वर्षांपूर्वीचा खोकला आला, त्यावर तो हसलासुद्धा. बारकी आली नाही. त्यानं मागे नेऊन पुन्हा लावलं. वारा, कुत्रं, खोकला. "च्यायला, खराब झालं वाटतं," असं पुटपुटत त्यानं वायर बदलली, मग तीही बदलली, आणि वरच्या सुरांचं बटण पार शेवटपर्यंत फिरवलं.

"अहो काका, बंद करा ते!" ड्रमवाला कानांत बोटं घालून ओरडला. "दात शिवशिवले माझे!"

कानसेननं मिक्सरकडे पाहिलं. दिवे खाली हिरव्यावर होते, एकदम पिवळ्यापर्यंत उडी मारत होते आणि परत खाली येत होते. पुन्हा उडी, पुन्हा खाली. स्पीकरमधून बारकी जीव तोडून ओरडत होती आणि त्याला नुसता वारा ऐकू येत होता.

"हां, जरा बघत होतो," एवढंच तो म्हणाला आणि आवाज बंद केला. पण मग एकेक गोष्ट डोक्यात यायला लागली. झांजा फार टोचतात म्हणून गायिका दोन वर्षं कुरकुरत होती आणि तो हॉलच्या पत्र्यांना शिव्या देत होता. पुढच्या रांगेतली माणसं उठून मागे जाऊन बसत, तेव्हा तो म्हणे, लोकांना गाण्याची समजच राहिली नाही. शेवटी तक्त्यातलं ते शून्य आठवलं. तालीम संपेपर्यंत तो खुर्चीवरून उठला नाही.

घरी बायको वॉशिंग मशीनमधून कपडे काढत होती.

"हे मशीन शेवटी वाजतं का गं?" त्यानं विचारलं.

"वाजतं का? टीं-टीं करून डोकं उठवतं! दोन वर्षं मीच धावतेय बंद करायला. तुम्ही मेले ऐकून न ऐकल्यासारखं करता."

"मला ऐकूच येत नाही ते."

ती हसणार होती, पण त्याचा चेहरा पाहून ओला टॉवेल हातात धरून तशीच उभी राहिली. त्यानं सगळं सांगितलं, मिक्सरचे दिवे, वारा, शून्य. मग म्हणाला, "मी गप्प राहिलो तर कुणाला कळणार नाही. मिक्सर राहील, दुकान राहील. कान गेलेल्या माणसाकडे कोण स्पीकर दुरुस्तीला आणून देईल?"

"आणि तो कोपरा?"

"तो जाईल."

"अहो, ते पाखरू तिथे बसून घसा फाडतंय, आणि तुम्ही कागदावर लिहून दिलंय की ते नाहीच!"

"मग मी काय मुद्दाम लिहिलं?" तो उसळला.

"तेव्हा नाही लिहिलंत मुद्दाम. आता गप्प बसलात तर मात्र मुद्दाम होईल," ती म्हणाली आणि टॉवेल वाळत घालायला गेली. तिला बोलायला काय जातंय, असं त्याच्या मनात आलं. पण बुधवारी सकाळी कानांच्या डॉक्टरकडे तीच त्याच्याबरोबर गेली, दुकानाला कुलूपही तिनंच लावलं.

तिथे त्याला काचेच्या खोलीत बसवलं, कानांवर हेडफोन चढवले. आवाज आला की हातातलं बटण दाबायचं. सुरुवातीला त्यानं टकाटक दाबलं. मग खोलीत शांतता पसरली. काचेपलीकडच्या मुलीचा हात यंत्रावर फिरताना दिसत होता, म्हणजे आवाज चालू होते, आणि तो बटणावर अंगठा ठेवून वाट पाहत बसला होता. आयुष्यात त्याला इतकी लाज कधी वाटली नव्हती. हातात आलेल्या कागदावरची रेघ अर्ध्यापर्यंत सरळ चालत आली होती आणि पायरी चुकल्यासारखी धाडकन खाली गेली होती. खालचे आणि मधले सूर शाबूत होते. वरचे गेले होते, आणि ते परत येणार नव्हते.

त्यानं बाईंना फोन केला आणि एका दमात सांगून टाकलं. बाई म्हणाल्या, "मला तर सहा वर्षांपूर्वीच ती ऐकू येईनाशी झाली. म्हणून तर कोपरा तुम्हाला दिला होता." दुसरा फोन त्यानं गायिकेला केला.

गुरुवारी उजाडताना तिघं काटेरी कोपऱ्यात उभी राहिली. बाईंच्या हातात तक्ता होता. गायिकेनं डोळे मिटले. बारकी ऐकली की तिनं बोट वर करायचं, एवढंच ठरलं होतं. पहिलं मिनिट गेलं, दुसरं गेलं. बोट हललं नाही. आता खरंच शून्य निघालं तर? तिच्या हातावरची कानसेनची नजर ढळत नव्हती. तिसऱ्या मिनिटाला तिनं मान किंचित वळवली आणि बोट वर केलं. मग दुसऱ्या बाजूला वळून पुन्हा. दहा मिनिटांत तिनं सात वेगळ्या बारक्या मोजल्या. बाईंनी सातचा आकडा लिहिला आणि डोळ्यांना पदर लावून, ओल्या खोडावरच बसकण मारली.

"काका!" गायिका भडकली होती आणि रडतही होती. "जिवंत पाखरावर मी रडगाणं केलं! अख्ख्या गावाला रडवलं!"

"मीच तर वाजवलं ते," कानसेन म्हणाला.

शुक्रवारी तो आणि गायिका हरकतीचा अर्ज घेऊन नगरपालिकेत गेली. साहेबांनी तक्ता पाहिला आणि चष्म्यावरून दोघांकडे पाहिलं. "दोन वर्षं शून्य, आणि आमचं पत्र गेल्याबरोबर सात? पाखरं पत्रं वाचायला लागली की काय?"

त्यांचं म्हणणं चूक नव्हतं. कानसेननं खिशातून दुसरा कागद काढून टेबलावर ठेवला.

"हे काय?"

"माझे कान. शून्य मी लिहिलं होतं. पाखरं होती, मला ऐकू येत नव्हती."

साहेबांनी ती घसरलेली रेघ बोटानं खालपर्यंत गिरवली. "तुम्ही काम काय करता?"

"बँडात आवाज बघतो. स्पीकर-मिक्सरची दुरुस्ती करतो."

साहेबांचा आवाज उतरला. "हे बघा, हरकतीचे सगळे कागद बाहेरच्या फलकावर लागतात. नावासकट, धंद्यासकट. महिनाभर. येणारा-जाणारा वाचणार. मी काय म्हणतो, घरी जाऊन विचार करा, आणि मग..."

"आज शेवटचा दिवस आहे ना?"

"आहे."

"मग लावा."

साहेबांनी शिक्का उमटवला. पुढच्या वसंतापर्यंत कोपऱ्याला हात लावायचा नाही, दोन तरुण माणसांनी वेगवेगळं मोजायचं आणि आकडे आणून द्यायचे, असा शेरा त्यांनी मारला. शिपायानं तो कागद तिथल्या तिथे फलकावर टाचला. कानसेन क्षणभर समोर उभा राहिला. पावतीसाठी थांबलेला एक माणूस वाकून वाचायला लागला, तसा तो भराभर पायऱ्या उतरला.

शेवटच्या पायरीवर तो बसला. गायिका शेजारी येऊन बसली.

"रविवारी मिक्सरवर दुसरं कुणीतरी बघ," तो म्हणाला. "मी नको आता."

"वरच्या सुरांच्या सगळ्या बटणांवर मी चिकटपट्टी लावणार आहे," ती म्हणाली. "तिला हात लावलात तर याद राखा. बाकीचं तुम्हीच बघायचं."

म्हणजे त्याच्या मिक्सरची वरची रांग आता त्याची नव्हती. त्याला ते लागलं, चांगलंच लागलं. अडतीस वर्षांत त्या बटणांना दुसऱ्या कुणाचा हात लागला नव्हता. पण कुठे कमी करायचं ते त्याला तिच्याच बापानं शिकवलं होतं, आता तीच सांगत होती. मग त्यानं विचारलं, "काल ती कशी ओरडत होती गं?"

गायिकेनं विचार केला. मग तिनं बारकीची लकेर उचलली आणि उतरवत उतरवत आपल्या जाड, घरगुती आवाजात आणली, त्याला ऐकू येईल इतकी खाली. पायऱ्या चढणारी माणसं थबकून बघायला लागली. तिनं पर्वा केली नाही. पाच सूर, मध्ये छोटासा झोका, आणि शेवट.

कानसेननं डोळे मिटले होते. त्याच्या गालांवरून पाणी वाहत होतं आणि तो मान हलवत होता.

"शेवट चुकला," तो म्हणाला. "खाली नाही येत ती. अर्धा सूर वर जाते, आणि तिथेच सोडून देते."

तिनं पुन्हा म्हटलं. शेवटी अर्धा सूर वर गेली आणि तिथेच सोडून दिलं.

"हां," तो म्हणाला. "आता बरोबर."