सतराशे नव्व्याण्णवची बाई

आमच्या गावात माणसं तोंड बंद ठेवतात अशी एकच जागा आहे. चर्चच्या तळघरात दर मंगळवारी नाण्यांची सभा भरते, ती जागा. टेबलावर काळं मखमली कापड असतं, त्यावर एक नाणं, वर दिवा, आणि भोवती दहा-बारा म्हातारे वाकलेले. नाणं टेबलावर असताना बोलायचं नाही, हा नियम. बोलताना थुंकी उडते, तिचा ठिपका चांदीवर पडतो आणि वर्षभराने तिथे काळा डाग उमटतो म्हणे. मी चाळीस वर्षं नाटकांतून कामं केली. राजा झालो, खुनी झालो, दोनदा भर रंगमंचावर मेलो. पण ओहायोतल्या एकाही प्रेक्षागृहात मला अशी शांतता लाभली नाही.

मी तिथे जायचो तो आर्डिथ स्टाउफरच्या लिंबाच्या केकसाठी. नाण्यांतलं मला काही कळत नव्हतं. केक मात्र कळायचा.

आर्डिथचा नवरा मर्ल. घरं तापवायच्या भट्ट्या दुरुस्त करण्यात त्याचा जन्म गेला. फावड्यासारखे हात, नखांत कायमची काजळी. पण तोच मर्ल नाणं उचलायचा तेव्हा दोन बोटांच्या टोकांनी, फक्त कडेला धरून, तान्ह्या मुलाला आंघोळीतून काढावं तसा. त्याच्याकडे सतराशे नव्व्याण्णव सालचा चांदीचा डॉलर होता. एका बाजूला गरुड, दुसऱ्या बाजूला मोकळ्या केसांची बाई. त्या बाईच्या कपाळावर किती बटा आहेत आणि कुठली बट किती झिजली आहे, हे मर्लला तोंडपाठ होतं. आर्डिथने एकदा ऑगस्टात केस आखूड कापून घेतले. ते त्याच्या लक्षात आलं नाताळला.

हा डॉलर त्याने सत्त्याऐंशी साली घेतला, तो खाली न्हाणीघर बांधायला साठवलेल्या पैशांतून. स्टाउफरांच्या घरात झोपायची खोली वर, न्हाणीघरही वर, बाकी सगळं खाली, मध्ये चौदा पायऱ्या. "हा खर्च नाही, गुंतवणूक आहे," मर्लने तेव्हा बायकोला समजावलं होतं. "दहा वर्षं थांब. एकाच्या जागी दोन न्हाणीघरं बांधीन." आर्डिथचे गुडघे तेव्हा धड होते. ती हसली आणि थांबली. बावीस वर्षं थांबली. एव्हाना ती त्या चौदा पायऱ्या बसून, एकेक करत उतरायला लागली होती.

मधल्या काळात मर्लने नाणं परीक्षकांकडे पाठवून, भारी प्लास्टिकच्या डबीत कायमचं बंद करून आणलं. डबीवर गुण छापलेले असतात, सत्तरपैकी. मर्लच्या बाईला पंचेचाळीस मिळाले होते. दोनशे वर्षांच्या बाईला पंचेचाळीस म्हणजे उत्तमच, असं मला वाटलं. मला या वयात कोणी पंचेचाळीस दिले तर मी अख्ख्या सभेला डोनट वाटीन. पण आमच्या सभेत दातांचे डॉक्टर बायर्ली होते, आणि त्यांच्या सतराशे नव्व्याण्णवला पन्नास होते. ते स्वतः कधी सांगायचे नाहीत. फक्त दर मंगळवारी मर्लशेजारची खुर्ची पकडून आपली डबी त्याच्या डबीला चिकटवून ठेवायचे.

त्या वर्षी मार्चमध्ये कोलंबसला नाण्यांचा बाजार भरला. गाडीत पुढे मर्ल आणि आर्डिथ, मागे मी आणि केकचा डबा. तिथे एका व्यापाऱ्याने डबी हातात घेतली, भिंग लावलं आणि साडेसात हजार डॉलर बोलला. भाव शनिवारी संध्याकाळपर्यंतच. आर्डिथच्या फ्रिजवर दोन वर्षांपासून गवंड्याचा कागद चिकटवलेला होता. मागची पडवी बंद करून न्हाणीघर आणि पलंगापुरती खोली, सात हजार. तिने पर्समधून तो कागद काढला आणि उलगडून मांडीवर ठेवला.

नेमके तेव्हाच डॉक्टर बायर्ली आले.

"साडेसात?" ते मर्लला म्हणाले. "लेबलावर पंचेचाळीस आहे म्हणून रे. जुने परीक्षक कंजूष होते. मला विचारशील तर ही पन्नासाची आहे." मुळीच दुखणार नाही असं ज्या आवाजात ते रोग्याला सांगतात, त्याच आवाजात ते बोलले.

"पन्नासाला दहा हजार येतील," मर्ल म्हणाला.

"मला दहा नकोत," आर्डिथ म्हणाली. "मला सात हवेत."

"तुला व्यवहार कळत नाही, आर्डिथ."

"मला पायऱ्या कळतात."

परत येताना गाडीत कोणी बोललं नाही. नाणं मर्लच्या खिशात होतं. नियम पाळल्यासारखंच झालं.

आता पुढचा वेडेपणा नाणेवाल्यांखेरीज कोणी करणार नाही. कमी गुण मिळाले असं वाटलं की ही माणसं डबी फोडतात आणि नाणं पुन्हा परीक्षेला बसवतात. मर्लने मला साक्षीदार म्हणून बोलावलं. त्याच्या तळघरात शेगडा होता, दांडा फिरवून वस्तू घट्ट पकडायचा, लोखंडी. आर्डिथचा पाहुण्यांसाठी राखलेला टॉवेल डबीला गुंडाळून त्याने ती शेगड्यात धरली आणि दांडा हळूहळू फिरवला. प्लास्टिक कडाडलं. मर्लने नाणं कडेला धरून बाहेर काढलं. इतक्या वर्षांनी बाई मोकळ्या हवेत आली होती.

आर्डिथ कठड्याला धरत खाली उतरली. "एकदा माझ्या हातात देशील?"

"हाताला तेल असतं, आर्डिथ."

"चाळीस वर्षं तुझी भांडी घासतेय. तेल कुठून राहणार?"

मर्लने दिलं नाही. ती फाटलेला टॉवेल उचलून, घडी घालून वर घेऊन गेली. चढायला तिला बराच वेळ लागला. आम्ही दोघं वर न बघता ऐकत होतो.

सहा आठवड्यांनी परीक्षकांकडून पार्सल आलं. मर्लने ते घरी उघडलं नाही. मंगळवारी, सभेत, सगळ्यांसमोर उघडायचं त्याने ठरवलं होतं. मी त्याला दोष देत नाही. टाळ्यांची चटक काय असते हे मला कुणी सांगायला नको. त्याने टाय बांधला होता. आर्डिथ केक घेऊन आली होती आणि, पहिल्यांदाच, केक ठेवून निघून न जाता बसली होती.

मर्लने कागद फाडला, डबी काढली, आणि त्याचा चेहरा संवाद विसरलेल्या नटासारखा झाला. लेबलावर आकडाच नव्हता. नुसतं लिहिलं होतं: साफ केलेलं.

कधीतरी, शंभर वर्षांपूर्वी असेल, कुठल्यातरी घरच्या बाईने रविवारी पाहुणे येणार म्हणून ते नाणं सोड्याने लख्ख घासलं होतं. त्याचे केसाएवढे बारीक ओरखडे पहिल्या परीक्षकांनी पाहिले नाहीत, किंवा पाहून सोडून दिले. नव्यांनी सोडले नाहीत. घासलेल्या नाण्याला या मंडळींत पत नसते. डबी मर्लच्या हातातच होती, टेबलावर नव्हती, त्यामुळे तोंड उघडायला हरकत नव्हती. तरी कोणी उघडलं नाही.

मर्लने तिथूनच कोलंबसच्या व्यापाऱ्याला फोन लावला. तो दोन हजार आठशे म्हणाला, तेही ओळखीखातर.

"दुसऱ्या कंपनीकडे पाठवू," फोन ठेवून मर्ल म्हणाला. "पुन्हा फोडतो." आणि तो खरोखरच टॉवेलासाठी इकडे तिकडे बघायला लागला.

आर्डिथ उठली. तिने त्याच्या हातातून डबी काढून घेतली, सबंध मुठीत धरून, आणि मखमलीवर डॉक्टर बायर्लींच्या पुढ्यात ठेवली.

"डॉक्टर, तुम्ही म्हणाला होतात की ही पन्नासाची आहे. घ्या तुम्ही."

"आता लेबलावर असं आल्यावर, आर्डिथ..."

"लेबल बदललंय. बाई तीच आहे. तुम्ही नाणं बघून बोलला होतात, की उगाच?"

डॉक्टरांनी सभेकडे पाहिलं. सभेने त्यांच्याकडे पाहिलं. निम्म्या सभेच्या तोंडात त्यांनीच बसवलेले दात होते, त्यामुळे सगळ्यांना उत्सुकता होती.

"आर्डिथ, मला विकायचं नाहीये ते," मर्ल म्हणाला.

"तोंड मिट, मर्ल. नाणं टेबलावर आहे."

मर्लने तोंड मिटलं. चाळीस वर्षं पाळलेला नियम तो मोडणार कसा? डॉक्टर तीन हजारांवरून सुरू झाले. आर्डिथ गप्प बसून राहिली आणि ते आपले आपण चढत गेले. तीन हजार चारशेवर तिने चेक लिहून घेतला, शाई वाळेपर्यंत थांबली, आणि मगच सगळ्यांना केक कापून दिला. डॉक्टरांनाही. जरा लहान तुकडा.

एवढ्या पैशांत न्हाणीघर होत नाही. जिन्याच्या कडेने रुळावरून वर जाणारी विजेची खुर्ची मात्र होते. रूळ मर्लने स्वतः बसवला, त्यात त्याचा हात धरणारा गावात कोणी नाही. आता संध्याकाळी तो आम्हाला मुद्दाम बोलावून ती खुर्ची दाखवतो: मोटर कुठली, वेग किती, वाजते किती कमी. नाणी दाखवायचा तसाच, फक्त आता बोलतो. आर्डिथ बसते, पट्टा लावते आणि मिनिटाला चौदा पायऱ्या या गतीने वर जाते. मर्ल शेजारून पायी चढतो.

"कडेला धर," तो तिला म्हणतो.

"धरलंय," ती म्हणते. "तू पुढे बघ."

डॉक्टर बायर्लींनी गेल्या महिन्यात ती डबी फोडली, असं ऐकतो. त्यांच्या मते नवे परीक्षक जरा जास्तच कडक होते.