फक्कीची रेघ

यवतमाळला माझ्या लेकीच्या कॉलेजची हॉकीची सेमीफायनल होती. प्रेक्षकांत माझ्या शेजारी उभा असलेला माणूस गॅरेजातून तसाच उठून आलेला दिसत होता, नखांत काळं ऑइल. आमच्या पोरींचा एक गोल पंचाने बाद केला, गोलपोस्टपुढच्या अर्धगोल रेघेबाहेरून मारला म्हणून.

"रेघ तं पायानं पुसली! तुमाले कुठी दिसली, साहेब?" तो गरजला.

मध्यंतरात त्याने रेघा आखायच्या पांढऱ्या फक्कीचं घमेलं मागून घेतलं आणि वाकून दोन्हीकडच्या रेघा स्वतः ओढल्या. ओरडणारे मी पुष्कळ पाहिलेत; रेघ ओढायला उठलेला हा एकच.

आम्ही एका गोलने मागे होतो. शेवटच्या मिनिटाला लेकीने गोल मारला. पंचाने रेघेकडे बोट दाखवून तोही बाद केला. सगळे पंचावर तुटून पडले. हा गप्प.

"आता काहून गप्प, भाऊ?" मी विचारलं.

"रेघ म्याच मारली ना, ताई. आता कोनाले बोलू?"

आम्ही हरलो. लेक तणतणत आली, "आई, पंच आंधळा आहे!"

"वीतभर बाहेर होतीस," मी म्हटलं.

पांढरे हात पँटला पुसत तो तिला म्हणाला, "पन मारला जबरदस्त, पोरी!"