सावंतच्या जागी जनू

जगाच्या पाठीवर कामाची माणसं फक्त अकरा असतात आणि बाकीची नुसती टाळ्या वाजवायला जन्माला येतात, अशी ठाम समजूत असलेला एकच माणूस मी पाहिला, आणि तो नेमका माझ्या सख्ख्या बहिणीचा नवरा निघाला. नव्वदच्या सुमाराला नोकरीसाठी मी गाव सोडून कोपरखैरण्यात ताईकडे राहायला आलो, तेव्हा माझी बॅग हातात घ्यायच्या आधी भावोजींनी विचारलं, "मेव्हणे, झेल पकडता येतो का?" मी म्हटलं, थोडाफार. "थोडाफार म्हणजे फाइन लेग," असं म्हणून ते चहाचं सांगायला आत गेले. पुढची पाच वर्षं त्या घरात माझी हीच पायरी होती. आमच्याकडे नळाला सकाळी तासभर पाणी येई आणि अंघोळीचा क्रम भावोजी लावत. झटपट उरकणारे वरच्या फळीत, रेंगाळणारे खालच्या. मी शेवटच्या फळीत होतो आणि शेवटच्या फळीला बऱ्याचदा पाणीच उरत नसे. तक्रार केली तर म्हणत, "सराव वाढवा, वर घेतो." त्यांच्या चुलतबहिणीच्या लग्नात पंगतीला वाढणारी माणसंही त्यांनी अशीच उभी केली होती. वरण मिड-ऑनला, कोशिंबीर स्लिपमध्ये आणि जिलबी थेट सीमारेषेवर. जिलबी व्याह्यांपर्यंत पोचेना, तेव्हा मुलाकडची मंडळी रुसली. भावोजी मात्र शेवटपर्यंत म्हणत होते की क्षेत्ररचना बरोबर होती, व्याहीच चुकीच्या जागी बसले. ताई म्हणे, "मी ह्यांच्या संघात बारावी. पाणी द्यायचं आणि उन्हात बसायचं." पण रविवारी सगळ्या संघाचा पोह्यांचा डबा तीच भरायची आणि कोण कितीवर बाद झाला हे तिला बरोबर ठाऊक असायचं.

संघ म्हणजे आमच्या सोसायटीचा टेनिस बॉलचा संघ. सेक्टरात तेव्हा मोकळे प्लॉट भरपूर होते, आणि इमारत उभी राहीपर्यंत प्रत्येक प्लॉट आपलाच आहे असं भावोजी धरून चालत. बहुतेक खेळाडू तुर्भ्याच्या कारखान्यांत पाळ्या करणारे, भावोजींसारखेच. भावोजी स्वतः फिरकी टाकत. फिरकी म्हणजे काय, तर चेंडू त्यांच्या हातातून सुटल्यावर फलंदाजाला तंबाखू मळून घ्यायला सवड मिळायची. तरीही त्यांना दर सामन्यात दोन-तीन बळी मिळत, आणि त्याचं कारण यष्ट्यांमागे एक पाय लांब करून बसलेलं असे. ते कारण म्हणजे सावंत.

सावंत भावोजींच्याच कारखान्यात, त्यांच्याच पाळीत आणि आमच्याच सोसायटीत. मालवणकडचा, अंगाने भरलेला, एका गुडघ्याने अधू. चेंडू अडवणं हे त्याचं दुय्यम काम होतं, मुख्य काम बोलणं. पहिल्या चेंडूपासून शेवटच्यापर्यंत त्याची टकळी चालायची. "कॅप्टन, पुढे टाक, ह्येचो पाय मागे आसा." मग फलंदाजाला मायेने, "काय रे, जेवलंस मरे? मगे मार की." फलंदाज हसायचा नाहीतर चिडायचा, आणि दोन्ही वेळा बाद व्हायचा. भावोजी चेंडू टाकण्याआधी सावंतकडे कान द्यायचे, फलंदाजाकडे बघायचेही नाहीत. कारखान्यात आठ तास एकमेकांसमोर उभं राहूनही ह्या दोघांचं बोलणं संपत नसे, आणि घरी आल्यावर पुन्हा गच्चीत चालू व्हायचं. ताई म्हणे, माझं लग्न ह्यांच्याशी झालं पण संसार सावंतभावोजींशीच चाललाय.

हे सगळं सुरळीत होतं, फक्त आम्ही हरत होतो. बोनकोड्याच्या गावदेवीच्या जत्रेत चषकाचे सामने व्हायचे, आणि तिथे सलग चार वर्षं आम्ही पहिल्याच फेरीत नारळ घेऊन परतलो. आसपासच्या सोसायट्या बाहेरचे खेळाडू आणू लागल्या होत्या. भावोजी त्यांना हसत. "भाड्याच्या नवरदेवाने कुणाचं घर चालतं का?" म्हणत. आणि मग एका रविवारी त्यांनी बोनकोड्याच्या जनूला खेळताना पाहिलं. जनू पहाटे मासळीच्या टोपल्या वाशीला पोचवायचा आणि उरलेला दिवस चेंडू हरवत फिरायचा. त्या दिवशी त्याचा एक चेंडू पलीकडच्या पाण्याच्या टाकीवर गेला. भावोजी बराच वेळ त्या टाकीकडेच बघत राहिले. मग घरी येऊन न जेवता पडून राहिले. लग्न ठरलं तेव्हासुद्धा त्यांची अशी अवस्था झाली नव्हती, असं ताईचं म्हणणं.

पंधरा दिवस भावोजी बोनकोड्याच्या वाऱ्या करत होते. जनूची जन्मपत्रिका सोडून सगळं त्यांनी विचारून घेतलं. सलामीला येणार का, सकाळी नऊला जमेल का, बॅट कुठली लागते. जनू फार मानी नव्हता. त्याची एकच अट होती. "दादा, मी किपिंगच करनार. लांब उभा केला ना, बॉल हातात नाय आला का मना झोप येते." भावोजींनी तिथल्या तिथे हो म्हटलं. आणि एका माणसाच्या येण्याने अकरा माणसांची घडी कशी विस्कटते ते आम्ही पुढचा आठवडाभर पाहिलं. सलामीचा तिसऱ्यावर गेला, तिसरा चौथ्यावर. सहा वर्षं चौथ्या क्रमांकाचा अभिमान बाळगणारे दुसऱ्या मजल्यावरचे बँकवाले पाचव्यावर आले आणि त्यांनी बायकोशी बोलणं सोडलं. प्रत्येक जण शेजाऱ्याच्या खुर्चीत बसल्यासारखा अवघडून गेला. एकाला बाहेर पडावंच लागणार होतं. खरं सांगायचं तर ते नाव माझं असायला हवं होतं. पण मी पळू शकत होतो, सावंतला गुडघ्यामुळे पळता येत नसल्याने यष्ट्यांमागे सोडून कुठेच जागा नव्हती, आणि मी मेव्हणा होतो.

जो माणूस फाइन लेगला दोन पावलं मागे हो असं सांगायला धावत यायचा, त्याला हे सांगायला सावंतच्या घरी जाता येईना. तीन दिवस भावोजी कारखान्यात पाळी बदलून घेत राहिले. चौथ्या दिवशी मला म्हणाले, "मेव्हणे, तुम्ही जाऊन या. म्हणावं, मॅनेजर केलाय." मी गेलो. दारातच उभा राहून, चपला न काढता, एका दमात सांगून टाकलं. सावंत पेपर वाचत होता. त्याने तो नीट घडी करून बाजूला ठेवला. म्हणाला, "बरां. पण ह्यां सांगूक तेका येवक काय झाला?" त्याची बायको चहा घेऊन आली, तो न घेताच मी जिना उतरलो. अजून तो प्रसंग आठवला की मला माझीच लाज वाटते.

त्या वर्षी आम्ही जिंकत सुटलो. जनू मारत होता आणि झेलतही होता. पण यष्ट्यांमागे तो देवळातल्यासारखा गप्प बसायचा. भावोजी चेंडू टाकण्यापूर्वी सवयीने कान द्यायचे, काही ऐकू यायचं नाही, आणि मग चेंडू जाऊन पडायचा भलतीकडेच. चार सामन्यांत त्यांना एकही बळी मिळाला नाही. जिंकून घरी आल्यावर ते गच्चीत जायचे आणि पाच मिनिटांत खाली यायचे. "वर वारा नाही," म्हणायचे. कारखान्यात सावंत त्यांच्याशी बोलत होता, पण कामापुरतं. स्पॅनर दे, पाळी संपली, एवढंच.

असं करत आम्ही जत्रेच्या चषकात अंतिम सामन्यापर्यंत पोचलो, आणि समोर आला बोनकोड्याचाच संघ. आदल्या संध्याकाळी जनू घरी आला, उंबऱ्याबाहेरच उभा राहिला. "दादा, उद्या मी नाय खेलनार. गावदेवीचा चषक हाय. आईच्या दारात गावच्या पोरांना कसा मारू?" भावोजी म्हणाले, हे आधी का नाही सांगितलंस? जनूला खरंच आश्चर्य वाटलं. "अख्ख्या गावाला म्हायती हाय. तुमी इचारलाच नाय." मग तो गावाकडून खेळणार का, तर तेही नाही. "तुमाला शबूद दिलाय ना. तुमच्या इरुद्ध पन नाय." असा दोन्हीकडून प्रामाणिक राहून तो निघून गेला. त्याच्यावर रागावायलाही जागा राहिली नाही.

भावोजींनी चपला घातल्या. मी विचारलं, मी जाऊ का? ते म्हणाले, "नको. तेच तर चुकलं." मी मागोमाग गेलो आणि जिन्यात थांबलो. सावंतने दार उघडलं. भावोजी उद्याच्या सामन्याबद्दल एक अक्षर बोलले नाहीत. "सावंत, तेव्हा मी यायला हवं होतं," एवढंच म्हणाले. सावंतने दारातून बाजूला होऊन वाट दिली. मग म्हणाला, "आता इलंस मा? बस. चाय पी." चहा झाला. निघताना सावंतनेच विषय काढला. "खेळूचंय नाय हां मी. आता नाय. राग म्हणान नाय, पण एकदा उठलंय त्या जागेवरना."

दुसऱ्या दिवशी आम्ही दहा जण मैदानात उतरलो. यष्ट्यांमागे बँकवाल्यांना उभं केलं होतं. ते चेंडू आला की बाजूला होत होते. भावोजींच्या पहिल्या तीन चेंडूंवर तीन चौकार गेले. चौथ्याच्या आधी सीमारेषेपलीकडून, माणसांच्या गर्दीतून, एक खणखणीत आवाज आला. "कॅप्टन! हळू टाक. ह्यो आता पुढे धावतलो." भावोजी थांबले. इतका वेळ थांबले की पंचांनी घड्याळ पाहिलं. मग त्यांनी चेंडू टाकला, फलंदाज पुढे धावला, चुकला, आणि त्या दिवशी पहिल्यांदाच बँकवाल्यांच्या हातात चेंडू राहिला आणि फलंदाज यष्टिचीत झाला. सामना आम्ही सपशेल हरलो. भावोजींना मात्र तीन बळी मिळाले.

पण सावंत पुन्हा त्या जागेवर बसला नाही, आणि दुसऱ्या वर्षी कारखान्याने लवकर निवृत्ती देऊ केली तेव्हा ती घेऊन गावी निघून गेला. प्लॉटवर इमारती आल्या. संघ असा मोडला नाही, पण एकेक जण कामात अडकत गेला. मी माझ्या बिऱ्हाडी राहायला गेलो.

नंतर एका रविवारी सकाळी ताईकडे जाताना कोपऱ्यावरच्या एसटीडी बूथमध्ये भावोजी दिसले. काचेचं दार अर्धवट उघडं होतं. सावंतच्या गावातल्या दुकानात नुकताच टेलिफोन बसला होता, हे मला ठाऊक होतं. भावोजी म्हणत होते, "नाही रे, काम काही नाही. बोल जरा." पलीकडून काहीतरी विचारलं गेलं असावं. "काहीही बोल," भावोजी म्हणाले. "मी चेंडू टाकायला उभा आहे असं समज आणि बोल." बाहेर दोघे-तिघे ताटकळत होते, बूथवाला काचेवर टकटक करत होता. भावोजी रिसीव्हर कानाशी दाबून, डोळे मिटून, नुसते ऐकत उभे होते.