सरांनी आधी स्वतःच्या घरचं लिहिलं

मोरे सरांची आणि माझी पहिली भेट भांडणाची आहे. पंचाहत्तरीच्या ग्रंथात असं लिहू नये, असं मला दोघा-तिघांनी सुचवलं. पण गोड खोटं लिहिलेलं सरांनाच आवडणार नाही.

तेव्हा आम्ही बिडकीनच्या बाहेर, भिल्लांच्या वस्तीत राहत होतो. मी कापूस वेचायला जायची. विहिरीच्या कामावर दरड कोसळून माझ्या लेकीचे, सुरेखाचे वडील गेले, त्याला चार महिने झाले होते. मी शाळेत कधी गेले नाही. सुरेखाच्याच पुस्तकांवरून वाचायला शिकले.

सातवीला सरांनी प्रकल्प दिला, 'आदिवासी लोकजीवन'. माहिती कुठून आणायची, असं मुलांनी विचारलं. सर म्हणाले, "सुरेखा आहे ना आपल्या वर्गात, तिलाच विचारा." मधल्या सुट्टीत सगळा वर्ग वह्या घेऊन तिच्याभोवती. अन्न, पोशाख, देव, अंधश्रद्धा, मृत्यूचे विधी.

"तुम्ही उंदरं खाता का गं?"

"तुझ्या बापाला पुरलं का जाळलं?"

ती घरी आली आणि म्हणाली, "माय, मी नाय जाणार आता शाळेत." तिच्या दप्तरात एका मैत्रिणीची वही आली होती. ती मी वाचली.

दुसऱ्या दिवशी वेचणी सोडून मी सरळ वर्गात गेले. म्हणाले, "सर, माझा नवरा मेला ते ह्या वहीत दोन मार्कांसाठी लिहिलंय. तुमच्या घरचं माणूस गेलं तवा कोणी वही घेऊन आलं होतं का?"

गैरसमज झाला, असं सर म्हणाले नाहीत. भरल्या वर्गासमोर त्यांनी हात जोडले. "बाई, पोरांची चूक नाय, माझी आहे. आता काय करू, तुम्हीच सांगा."

"हेच प्रश्न ह्यांना द्या. आधी आपापल्या घरचं लिहू द्या."

सरांनी खडू घेतला आणि फळ्यावर आधी स्वतःच्या घरचं लिहिलं. वडील गेले ते. दहाव्याला कावळ्याची वाट बघत बसलेले भाऊ. अंधश्रद्धेखाली लिहिलं, नव्या स्कूटरला लिंबू-मिरची. मागून एक पोरगा म्हणाला, "सर, तरी पंक्चर झाली ते बी लिहा." वर्ग हसला, सरही हसले. मग पोरांची पाळी आली, तर अंधश्रद्धेच्या रकान्यात आपल्या घरचं लिहायला एकही तयार होईना. सरांनी तो रकानाच पुसून टाकला. सुरेखाने सर्वांच्या शेवटी लिहिलं, तिला द्यायचं होतं तेवढंच. बापाबद्दल एक ओळ नाही. सरांनी ती मागितलीही नाही. ती शाळेत जात राहिली.

त्याच वर्षी संस्थेला स्नेहसंमेलनात पाहुण्यांपुढे आदिवासी नाच हवा होता. कमरेला पाला, तोंडाला काळा रंग आणि पुढे सुरेखा, म्हणजे अस्सल वाटेल. सर नाही म्हणाले. जूनमध्ये त्यांची बदली गंगापूरच्या शाखेत झाली. निवृत्तीपर्यंत ते एसटीने जात-येत राहिले. तरी सुट्टीच्या दिवशी वस्तीवर येत, मला पुस्तक देत, आणि परत नेताना विचारत, "यात काय पटलं नाय?" आमच्याबरोबर फोटो त्यांनी कधी काढून घेतला नाही.

सुरेखा आज स्वतः शिक्षिका आहे. या गौरव समितीची यादी तिनेच मला दाखवली. बदलीच्या कागदावर सही करणारे दोघे त्या यादीत आहेत. पत्रिकेत सरांना 'आदिवासींचे कैवारी' म्हटलं आहे आणि सुरुवातीला नाच ठेवला आहे, पाला नेसून.

त्या दोघांना माझं सांगणं आहे. नाच काढा. आणि शाल घालण्याआधी, बदली का केली होती ते माइकवर सांगा. सरांना एका मजूर बाईची माफी मागायला एक तासही लागला नाही. तुम्हाला इतकी वर्षं पुरली नाहीत.

यंदा तुम्ही ते बोलाल असं मला वाटत नाही. म्हणून सरांना भरपूर आयुष्य मिळो, गुडघे चालते राहोत, कान असेच तिखट राहोत. ते शब्द ऐकल्याशिवाय त्यांनी कुठेही जाऊ नये.