झाकून ठेवलेला संगणक

ज्या वस्तूला आपण जिवापाड जपतो, तीच आधी का बिघडते? मला खरंच सांगता येत नाही.

मी कॉलेजला गेले तेव्हा बाबांनी पडेगावच्या आमच्या घरात जुना संगणक आणला. हल्ली तो सुरू होईपर्यंत चहा करून, पिऊन व्हायचा. आज सकाळी बाबा म्हणाले, "लई झालं. भंगारवाल्याला देऊन टाकू." धाकट्या वैशूचा चेहरा पडला. टायपिंगची परीक्षा तोंडावर, आणि सरावाला दुसरी जागा नाही.

"बाबा, दुपारपर्यंत थांबा," मी म्हणाले.

"घरातली पहिली ग्रॅज्युएट ना तू? दाखव मग!"

नको असलेले प्रोग्राम काढले, आपोआप सुरू होणारे बंद केले. थोडा फरक पडला, पण पुन्हा तेच. संगणकाच्या डब्याला हात लावला तर तव्यासारखा गरम! चालू असतानाही त्यावर आईनं शिवलेलं जरीकाठी आवरण होतं.

"आत धूळ जाती ना गं, म्हणून झाकते," आई म्हणाली.

वायर काढून डबा उघडला. आवरणाचेच धागे आतल्या छोट्या पंख्याला गुंडाळले गेले होते; पंखा अडला की डबा तापायचा, आणि तापला की संगणक मंद व्हायचा. ते सोडवले, मऊ ब्रशनं धूळ झाडली.

आता चहाचं पातेलं गॅसवर ठेवायच्या आत संगणक सुरू! वैशू ओरडली, "ताई, पळतोय की गं!"

बाबा हळूच म्हणाले, "भंगारवाल्याला नाय म्हणून सांग."

जरीकाठी आवरण मी वैशूच्या खुर्चीवर अंथरलंय, आणि संगणक बाहेरच्या खोलीत आणलाय. शेजारच्या दोघी मुली तिच्यासोबत सरावाला बसल्यासुद्धा.