दोरी धरून पळताना

बसलेला माणूस दिसला की दोरीमास्तरांच्या पोटात दुखायचं. धामणगाव बढ्याच्या शाळेत जन्मभर व्यायाम शिकवून ते निवृत्त झाले, पण खोड गेली नाही. ओट्यावरच्या म्हाताऱ्यांनाही "उठा, चला" करत जायचे. एकोणिसाव्या वर्षी तापात माझी नजर गेली आणि पुढची दोन वर्षं मी बाजेवर बसून काढली. अशी शिकार ते सोडतील होय?

"काऊन बसून राह्यली वं?"

"दिसत नाही मास्तर."

"डॉक्टरनं पयाले मना केलं काय?"

"नाही."

"मंग उद्या सकायी मैदानावर ये."

पळायचं! शाळेत असताना धावण्यात मी तालुक्यात पहिली यायची. त्या एका शब्दानं माझ्या अंगावर काटा आला. आईनं मात्र कपाळाला हात लावला.

पहिल्या दिवशी मास्तरांनी हुकूम सोडला, "हात असे वर, मंग असे खाली!" मी विचारलं, "असे म्हणजे कसे?" मास्तर मोठ्यानं हसले. "घ्या! जन्मभर पोरं नापास केली, आज मास्तर नापास!" दुसऱ्या दिवसापासून सगळा व्यायाम घरच्या भाषेत सुरू झाला. "दळणाचा डबा उचल, फळीवर ठेव. आता वाक, हरभरा उपट. मुळासकट!" अहो, काय भारी वाटलं म्हणून सांगू! मला धरून वाकवायची कुणाला गरजच पडली नाही.

पण माझा जीव पळण्यात अडकला होता. मैदानाच्या कडेला कडुनिंबाची दोन झाडं आहेत. मास्तरांनी त्यांच्यामध्ये कमरेइतक्या उंचीवर दोरी ताणली आणि तीत एक लोखंडी रिंग ओवली. रिंग मुठीत धरायची आणि सुटायचं. ती दोरीवरून सरकत जाते, वाट चुकत नाही. त्यांचं नाव पडलं ते या दोरीमुळेच. मी सुटले! दोन वर्षांनी कानात वारा शिरला, वेणी पाठीवर आपटायला लागली, मला ओरडावंसं वाटलं, आणि धाडकन झाडावर! दोरी संपते हे मला कळणार कसं, एवढंच आम्हा दोघांना सुचलं नव्हतं.

कपाळाला टाके पडले. आईनं मास्तरांना दारातूनच परतवून लावलं. "मास्तर, पोरगी जिती राहू द्या माही. तिचं पयनं आता बस झालं." मी आत रडत होते. टाक्यांचं काही नाही हो, पळणं संपलं म्हणून रडत होते.

चौथ्या दिवशी मास्तर पुन्हा दारात! आवाज नाकातून येत होता आणि आईला हसू आवरत नव्हतं. मास्तरांचं नाक म्हणे भज्यासारखं फुगलं होतं. डोळ्यांवर दुपट्टा बांधून तीन सकाळी ते स्वतःच त्या दोरीवर पळाले होते. झाडाची भेट दोनदा झाली.

"वहिनी, आता दोन्ही बाजूले झाडाच्या पंधरा पावलं आधी दोरीले गाठ मारली. रिंग गाठीवरून गेली का हाताले हिसका बसते. तिथं थांबाचं. झाडाले गादी बी बांधली. माह्या नाकाची आन!"

आई म्हणाली, "असं नाक घेऊन आलेल्या माणसाले नाही कसं म्हणू आता?"

दुसऱ्या दिवशी पळाले. हिसका बसला, थांबले, वळले, पुन्हा पळाले. किती फेऱ्या झाल्या, कोण मोजतंय! मास्तर टोकाला उभे राहून टाळ्या पिटत होते. वर्षभरात दोरीवर पळणारे, न दिसणारे आम्ही सहा जण झालो. मोताळ्याहून दोघं तर एसटीनं यायचे.

यंदा थंडीत मास्तर गेले. त्यांच्या तेरवीनंतरही मैदानावर जायला माझं मन धजेना. एके सकाळी आईनं अंगावरची गोधडी ओढली.

"ऊठ वं."

"मास्तर नाहीत, आई. कशाले जाऊ?"

"मास्तर गेले. तुहे पाय घेऊन गेले काय?"

मला हाताला धरून तिनंच मैदानावर नेलं, रिंग माझ्या मुठीत दिली आणि अख्ख्या गावाला ऐकू जाईल अशी ओरडली, "पय माये, पय!"