आक्कांनी परत दिलेलं पहिलं बक्षीस

त्या दिवशी हवेलीत कोण कोण होतं ते आधी सांगते, म्हणजे मागाहून कुणी नाही म्हणायला नको. मी होते, माझी सून मेघा होती. लोकनृत्य क्लबची प्राजक्ता होती, माईक तिच्याच हातात. लुगडेवाल्या आक्का होत्या, त्यांचा मुलगा सचिन आणि सात वर्षांची नात ईशा. बाकी जर्मनीतल्या कार्ल्सरूहेची साठेक मराठी माणसं, सगळी शिकलेली. मी चौथी पास.

आक्का एक पिन न लावता नऊवारी नेसवायच्या. "पिन लावलेलं लुगडं नाचत न्हाई, नुसतं हुबं ऱ्हातं," म्हणायच्या आणि कासोट्याला असा हिसका द्यायच्या की नेसणारी बाई हलायची. बर्फातही त्यांच्या अंगावर लुगडंच, खाली सचिनचे लोकरी मोजे. ट्राममध्ये माणसं बघायची, मी लाजायचे. त्या म्हणायच्या, "बघू दे की. बघायला काय तिकीट लागतंय व्हय?"

दोघींचे नवरे लवकर गेले. मी पुण्यात लोकांच्या पोळ्या लाटून मुलगा शिकवला, त्यांनी दुसऱ्याच्या रानात खुरपून. त्यावर आम्ही कधी रडत बसलो नाही. बागेतल्या बाकावर बसून मटार सोलायचो.

त्यांना एकच गोष्ट डाचायची. ईशाला मराठी कळायचं, पण उत्तर जर्मनमध्ये द्यायची. "माझं तिला कळतंय, तिचं मला न्हाई." म्हणून त्यांनी तिला फुगडी शिकवली. फुगडीत बोलावं लागत नाही. आठवड्यानं आक्का गावी परतणार होत्या. त्याआधी हवेलीतल्या त्या लाकडी जमिनीवर, सगळ्यांसमोर, नातीबरोबर एक फुगडी घालायची, एवढंच त्यांना हवं होतं. ईशा कबूल झाली होती.

हवेली गावाबाहेर, जुन्या कुण्या जमीनदाराची. क्लबनं भाड्यानं घेतलेली. सगळ्यांनी लोकवेशात यायचं, चांगल्या वेशाला बक्षिसं, मग नाच. सकाळपासून वरच्या खोलीत आक्कांनी चौदा बायकांना नऊवारी नेसवली. पाणी कुणी विचारलं नाही. मग आपलं रोजचं विटकं लुगडं झटकून, ईशाचा हात धरून खाली उतरल्या.

प्राजक्ता घरूनच शिवलेली नऊवारी चढवून आलेली. तिनं आक्कांना कधी पाहिलंच नव्हतं. माईकवर ओरडली, "ओ माय गॉड, शेतमजूर बाई! काय ऑथेंटिक लुक आहे! ठिगळसुद्धा लावलंय! पहिलं बक्षीस!" आणि आक्कांच्या गळ्यात रिबन घातली.

सगळे हसले, टाळ्या पडल्या. चौदातली एकही बोलली नाही. सचिन मोबाईल धरून उभा, शूटिंग चालूच. मीसुद्धा टाळी वाजवली. त्या हातांचा मला अजून संताप येतो. पोरं बोट दाखवून हसायला लागली, तशी ईशानं आज्जीचा हात सोडला.

आक्कांनी रिबन काढली, नीट घडी घातली आणि प्राजक्ताच्या हातात ठेवली. "ज्यानं सोंग घेतलंय त्याला दे, पोरी. हे माझं लुगडं हाय."

बाहेर पायऱ्यांवर जाऊन बसल्या. मी मागं गेले. "चला आक्का, फुगडी राहिली ना?"

"हात सोडला तिनं," म्हणाल्या.

प्राजक्ता मला म्हणते, "अहो काकू, आम्ही कौतुकच केलं ना!" कौतुक? जिच्या खुरप्यावर तुमच्यातला एक साहेब झाला, ती तुम्हाला सोंग वाटली. आणि तो साहेब गप्प राहिला.

आक्का गावी गेल्या आणि चार महिन्यांत वारल्या. परत भेट नाही.

क्लबच्या नेटवरच्या पानावर त्यांचा फोटो अजून आहे. खालची ओळ मी स्वतः वाचली, तेवढं येतं मला. ‘शेतमजूर बाई, प्रथम क्रमांक.’ वाचणाऱ्यांपैकी कुणाला ती पुसता येत असेल तर पुसा. तिथं लिहा: पार्वती, सचिनची आई, ईशाची आज्जी. लुगडं स्वतःचं.